हवेतून पाणी पिणारी माती

कोरड्या मातीसाठी इतका जीव टाकणारा माणूस माझ्या मामेसासऱ्यांखेरीज पृथ्वीवर दुसरा नसावा. आणि असलाच, तर ते दोघे अजून एकमेकांना भेटलेले नाहीत, ही निसर्गाने बाकीच्या माणसांवर केलेली कृपा आहे. माती म्हणजे शेतातली किंवा कुंडीतली नव्हे. तिला ते 'सुखवस्तू माती' म्हणतात आणि तिच्याकडे बघतही नाहीत. त्यांची माती दक्षिण ध्रुवाकडची. त्या बर्फाच्या खंडात मधूनमधून काही उघड्या जागा आहेत. तिथे पाऊस पडत नाही, आणि जे काही हिम पडतं ते वारा उडवून नेतो किंवा ते न वितळताच हवेत विरून जातं. वर्षातले जेमतेम काही आठवडे शेजारचा बर्फ पाझरतो आणि त्या मातीला ओल येते. तेवढ्या ओलीवर तिथे डोळ्यांना न दिसणारे सुतासारखे किडे जगतात, आठ पायांची जलअस्वलं जगतात. ओल गेली की ही मंडळी अंग मुडपून, वाळून, वर्षानुवर्षं पडून राहतात. ना जिवंत, ना मेलेली. हे सगळं मामांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हणालो की असे काही सहकारी आमच्याही कार्यालयात आहेत. मामा हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "त्यांना पाणी घालून पाहिलंत?"

मी मूळचा सांगलीचा. रेल्वेच्या नोकरीत बदली होऊन चेन्नईला आलो आणि इथल्याच एका तंजावरी मराठी घराचा जावई झालो. या घराचं मराठी बखरीतून उठून थेट मांबलमच्या भाजीबाजारात आल्यासारखं आहे. क्रियापदं जुनी, सूर तमिळ. मामा हे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. मला ते नावाने कधीच हाक मारत नाहीत, 'मापळे' म्हणतात. तमिळमध्ये जावयाला म्हणतात तो हा शब्द. लग्नाआधी मुलगा पाहायला जी मंडळी आमच्या खोलीवर आली होती, त्यांत मामा होते. बाकीच्यांनी पगार विचारला, गोत्र विचारलं, आईवडिलांची चौकशी केली. मामांनी एकच प्रश्न विचारला : "सांगलीकडे माती वैशाखात किती खोलपर्यंत वाळते?" मी अंदाजाने दोन हात म्हणालो. मामा सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "मुलगा बरा आहे. ठाऊक नसलें तरी आकडा सांगतो." सासरे आजही ही माझी प्रशंसा समजतात.

ओल मोजणं हा मामांचा धंदा, आणि तो ते कुठेही विसरत नाहीत. आमच्याकडे जेवायला बसले की भाताचं एक शीत दोन बोटांत दाबून, "सत्तर टक्के," असं स्वतःशी म्हणतात, मगच सांबार घेतात. दोरीवरच्या कपड्यांना हात लावून 'हा सदरा चार वाजता वाळेल' असं सांगतात आणि चार वाजता तो वाळतो. एकदा वेस्ट मांबलमच्या आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला असताना, सगळ्या बायका घागरी घेऊन भांडत होत्या आणि मामा टँकरच्या गळक्या तोटीखाली वाकून डांबरावर पसरणारा ओला डाग पाहत होते. मामींनी वरच्या मजल्यावरून ओरडून विचारलं, "पाणी मिळालें काय?" मामा आनंदाने ओरडले, "मिळालें, मिळालें! पण कडेनें आधी वाळतंय, मधून नव्हे!" त्या दिवशी मामींनी माझ्या बायकोला फोन करून अर्धा तास जे सांगितलं त्यातलं मला फक्त 'पस्तीस वर्षं' एवढंच ऐकू आलं.

बर्फाच्या खंडावर मामा आयुष्यात एकदाच गेले, शास्त्रज्ञांच्या एका तुकडीबरोबर, एका मोसमासाठी. परत आले तेव्हा विमानतळावर अख्खं नातेवाईक-मंडळ हार घेऊन उभं होतं. सगळ्यांनी एकच विचारलं : पेंग्विन पाहिलेत का? मामा म्हणाले, "होते. मातींत नव्हते." या एका वाक्यावर त्यांचं प्रवासवर्णन संपलं. मात्र मातीबद्दल विचारणारा कोणी भेटला तर मामा बसल्या जागी उभे राहत, आणि उभे असले तर येरझाऱ्या घालू लागत. ओल सात दिवस राहिली की किडे काय करतात, आठव्या दिवशी गेली तर काय करतात, मोसमात दोनदा आली तर का मरतात! हा 'का मरतात' त्यांचा आवडता भाग. ज्यांना पाण्याची सवयच नाही त्यांना एकदम भरपूर पाणी मिळालं की ते जागे होतात, अंगातली शिल्लक शक्ती खर्चून टाकतात, आणि पुन्हा वाळायची वेळ आली की वाळण्यापुरतंही बळ उरत नाही. "मापळे, कृपा देखील बेतानेंच करावी लागते," ते डोळे मोठे करून म्हणत, आणि तो आनंद पाहून ऐकणाऱ्याला किड्यांचं दुःख होत नसे.

पण मामांचा खरा ध्यास वेगळाच होता. एखाद्या मोसमात बर्फ पाझरलाच नाही तर हे किडे कसे तगतात? मामांचं म्हणणं, ती माती खारट आहे, आणि खारट माती हवेतूनच थोडं पाणी ओढून घेते. पुरावा म्हणून ते स्वयंपाकघरातलं मीठ दाखवत. चेन्नईत सकाळी वाटीत काढलेलं मीठ संध्याकाळी ओलं होतं, हे मामींना ठाऊक होतं. त्यासाठी त्यांना ध्रुवावर जावं लागलं नव्हतं. मामांच्या क्षेत्रातले लोक म्हणत की चेन्नईची हवा म्हणजे अंगावर पिळलेलं फडकं, तिकडच्या हवेत आहेच काय ओढायला? मामा तीस वर्षं हे ऐकून घेत आले होते. रागावत नसत. "तबकडी सांगेल," एवढंच म्हणत.

ती तबकडी त्यांनी निवृत्तीआधीच्या शेवटच्या महिन्यात मांडली. अड्यारच्या त्यांच्या संस्थेत एक शीतखोली होती. आत ध्रुवावरच्या उन्हाळ्याइतका गारवा आणि तितकीच कोरडी हवा. तिथे त्यांनी तिकडून आणलेल्या मातीच्या दोन काचेच्या तबकड्या ठेवल्या. पहिलीला रोज ठरल्या वजनाला येईपर्यंत मोजून थेंब द्यायचे, जणू बर्फ पाझरतोय. दुसरीला काहीच नाही. रोज सकाळी दोन्हींचं वजन करायचं. दुसरीचं वजन आपण होऊन वाढलं, तर मामांचं तीस वर्षांचं म्हणणं खरं. नाही वाढलं, तर महिनाअखेर शाल घेऊन घरी. संस्थेने खोली पुढे दुसऱ्या कुणाला देऊन टाकली होती, त्यामुळे तिसरी शक्यता नव्हती. मामा रोज पहाटे, चेन्नईच्या घामट हवेत, माकडटोपी आणि दोन स्वेटर पिशवीत घेऊन बसने अड्यारला जात. तीन आठवडे दुसरी तबकडी जागची हलली नाही : दोनशे बारा पूर्णांक चाळीस ग्रॅम. घरातल्या सगळ्यांना तो आकडा पाठ झाला होता.

आणि मग सरस्वतीपूजा आली. इकडे त्या दिवशी सगळी हत्यारं, यंत्रं, पुस्तकं पुसून, चंदन-कुंकू लावून देवीपुढे मांडतात आणि विजयादशमीच्या सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. रिक्षावाला रिक्षाला लावत नाही, वकील पुस्तकाला लावत नाही. मामा तर त्या दिवशी वर्तमानपत्रदेखील उघडत नाहीत. विज्ञान आणि देवी यांच्यात भांडण असू शकतं हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. आता तीस वर्षांत पहिल्यांदा आलं. एक दिवस वजन चुकलं तर सगळी ओळ तुटणार. आदल्या दिवशी ते आमच्याकडे आले, चार वेळा खुर्ची बदलून बसले, आणि म्हणाले, "मापळे, तुम्ही देव मानत नाही ना?"

"तसा विशेष नाही."

"नक्की? मागाहून भिणार नाही?"

"नाही भिणार."

"सरी, बरें. मग उद्यां वजन तुम्ही करायचें. तुम्हांला पाप लागण्याची सोयच नाही."

नास्तिकतेचा कुणाला उपयोग होऊ शकतो हे मला त्या दिवशी प्रथमच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अड्यारला पोचलो. संस्थेचा जुना परिचर सेल्वराज, मामांच्या सगळ्या सामानाची पंचवीस वर्षं निगराणी करणारा माणूस, आदल्या संध्याकाळीच सगळी साफसफाई आणि पूजा उरकून गेला होता. सूक्ष्मदर्शकाला गंध, काट्याला गंध, दाराच्या कडीला झेंडूचा हार. मी मामांचे स्वेटर घालून शीतखोलीत गेलो. मामा दाराबाहेर, हात पाठीमागे बांधून, काचेला नाक लावून उभे. आतला दिवा अंधूक, आणि माझे दात वाजत होते. काटा शून्यावर आणला, पहिली तबकडी ठेवली. रोज बरेच थेंब लागत, आज दोनच लागले. दुसरी ठेवली आणि आकडा वाचला.

"दोनशे तेरा पूर्णांक चौदा."

मग काचेपलीकडून बारीक आवाज आला, "पुन्हां ठेवा."

मी पुन्हा ठेवली. तेच. तिसऱ्यांदा ठेवली. तेच. मी बाहेर आलो तेव्हा मामा भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांची माकडटोपी, जी त्यांनी बाहेर चेन्नईच्या उकाड्यात घातली होती, घामाने भिजली होती. "प्यायली," ते म्हणाले. "मापळे, ती पाणी प्यायली. दोघीही प्यायल्या." आणि या साठीच्या गृहस्थाने त्या रिकाम्या मार्गिकेत, पूजेच्या दिवशी, दोन उड्या मारल्या. माझ्याच्यानं राहवेना, तिसरी मी मारली.

आता अडचण अशी की त्या दिवशी लिहायचं नव्हतं. लेखणीही देवीपुढे. मामा म्हणाले, आकडा तोंडपाठ करा. माझ्या मोबाइलवर टिपू का, असं मी विचारल्यावर त्यांनी थोडा विचार करून तेही लिहिणंच ठरवलं. मग अड्यारहून मांबलमपर्यंतच्या बसमध्ये आम्ही दोघं आळीपाळीने दोनशे तेरा पूर्णांक चौदा म्हणत आलो. शेजारच्या बाईंनी आम्हांला जपाला बसलेले समजून पिशवी मांडीवर घेतली आणि आमच्यासाठी जागा मोकळी केली. घरी मामींना सांगितलं, बायकोला सांगितलं, सासूबाईंना फोन केला. रात्रीच्या जेवणाला मामी वाढता वाढता मध्येच थांबून म्हणाल्या, "तेरा, ना? चौदा नव्हे?" पस्तीस वर्षांत मामींनी मामांच्या मातीला दिलेला हा पहिला पाठिंबा होता, आणि मामा त्या दिवशी भात न दाबताच जेवले.

विजयादशमीच्या सकाळी मामांनी स्वतः वजन केलं. दोनशे बारा पूर्णांक ऐंशी. कालच्यापेक्षा कमी, पण तीन आठवड्यांच्या आकड्यापेक्षा जास्त. मामांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "घेतलें आणि थोडें परत दिलें! श्वास आहे हा!" ते धावत संचालकांकडे गेले. संचालक हे समारंभाचे भुकेले गृहस्थ. 'ध्रुवीय मातीचा श्वास : चेन्नईचा शोध' असा फलक निरोपसमारंभाला लावायचा, प्रमुख पाहुणे बोलवायचे, हे सगळं त्यांनी मामांचं वाक्य पुरं होण्याआधी ठरवून टाकलं.

तेवढ्या वेळात मी शीतखोलीत एकटा होतो. मामांनी तबकडी माझ्या हातात देऊन 'उजेडाकडे धरून पाहा तों, किती सुंदर' असं म्हटलं होतं, म्हणून मी ती दाराच्या उजेडाकडे धरली. ठेवलेली असताना भिंतीकडे राहणाऱ्या तिच्या बाजूला, काचेच्या कडेखाली, रुपयाएवढा चंदनाचा जाड ठिपका होता. वरून कुंकू. वाळत आलेला, कडेने भेगा पडलेला. पहिल्या तबकडीलाही तसाच. सेल्वराजच्या हिशेबी ही मामांची सगळ्यांत महत्त्वाची हत्यारं. त्याने त्यांना सगळ्यांत मोठा ठिपका लावला होता.

मी तबकडी जागेवर ठेवली. मी आयुष्यभर मोठमोठ्या फलकांमागचं रिकामपण पाहून मनात हसत आलो आहे. आमच्या कार्यालयात असे फलक दर पंधरवड्याला लागतात. इथे मला हसू येईना. न सांगितलं तर कुणालाही कळणार नव्हतं. माणूस निवृत्त होणार, माती परदेशी मातीच्या नियमाप्रमाणे भाजून टाकून देणार, फलक उतरणार, आणि मामा उरलेलं आयुष्य आनंदात काढणार. मी बसथांब्यापर्यंत गप्प राहिलो. मामा बोलत होते, बोलतच होते. बस आली तेव्हा ते पायरीवर चढले आणि मी खालीच उभा राहून म्हणालो, "मामा, तबकडीला चंदन होतं."

मामांनी वळून पाहिलं. कंडक्टर म्हणाला, चढा नाहीतर उतरा. मामा उतरले.

"कुठल्या अंगाला?"

"भिंतीकडच्या."

"किती मोठें?"

मी बोटांनी दाखवलं. त्यांनी माझ्या बोटांकडे निरखून पाहिलं आणि ते मागे फिरले, इतक्या भराभर की मला धावावं लागलं. शीतखोलीत त्यांनी, स्वेटर न घालता, ठिपका ओल्या फडक्याने पुसला, काच कोरडी केली, तबकडी काट्यावर ठेवली. दोनशे बारा पूर्णांक चाळीस.

"तंतोतंत," मामा म्हणाले, आणि खरं सांगतो, त्यांचा चेहरा उजळला. "पाहिलेंत? शेवटच्या आकड्यापर्यंत! काटा काय सुंदर आहे, मापळे." मग ते स्टुलावर बसले आणि मी त्यांच्या खांद्यांवर स्वेटर टाकला.

संचालकांना त्यांनी तेव्हाच जाऊन सांगितलं. संचालक म्हणाले, पत्रिका छापायला गेल्यात, आपण 'प्राथमिक निष्कर्ष' म्हणू, निरोपाच्या दिवशी कोण काटा घेऊन येतंय? मामा 'सरी' म्हणाले, त्यामुळे मला वाटलं की ते गप्प बसणार, आणि त्यांच्याकरता मला ते बरंच वाटलं. समारंभ झाला. दीप लागला, जरीची शाल पडली, प्रमुख पाहुण्यांनी पेंग्विनांविषयी वीस मिनिटं सांगितलं. मग मामा उठले. भल्यामोठ्या हारातून त्यांचं फक्त नाक दिसत होतं. ते तमिळमध्ये म्हणाले, मागच्या फलकावर लिहिलंय ते घडलेलं नाही. वजन करण्याआधी तबकडी बाहेरून पुसायची, हा पहिल्या दिवशीचा धडा. "मी तो पस्तीस वर्षं मुलांना शिकवला आणि परवा माझ्याच प्रयोगात विसरलो. तबकडीवर काहीतरी लागलेलं होतं. चूक माझी. माती हवेतून पाणी पिते का, ते अजून ठाऊक नाही. ज्याला जमेल त्याने जाऊन पाहावं." आणि खाली बसले. संचालकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या, मग थांबवल्या.

कॉफीच्या वेळी सेल्वराज ट्रे घेऊन आला. त्याचे डोळे लाल होते. "सार, 'काहीतरी' नाही. ठिपका मी लावला."

"मग? लावायचा नाही तर काय?" मामा म्हणाले. "पंचवीस वर्षं लावतोस म्हणून तर काटा अजून खरं बोलतो."

"पुढच्या वर्षी मागे नाही लावणार, सार. समोर लावतो, दिसेल असा."

मामांनी कॉफीचा पेला उचलला. "पुढच्या वर्षी तबकडी नसेल, सेल्वराज," ते हळूच म्हणाले, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. कॉफी निवली.

याला दोन महिने होऊन गेले. परवा मार्गळीच्या, म्हणजे इकडच्या मार्गशीर्षाच्या, सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. गल्लीत दारोदार तांदळाच्या पिठाचे कोलम् रेखले होते, हवेत चेन्नईपुरता गारवा होता. मामा गॅलरीत बसले होते. स्वेटर नव्हता. मी विचारलं, काय चाललंय?

"तिकडे आतां मोसम लागला," ते म्हणाले. "या आठवड्यांत पाझर सुटतो. नाहीतर यंदा सुटलाच नसेल. कोरडा मोसम असेल, तर ते कसें भागवताहेत, आतां या घडीला..." त्यांनी समोरच्या टाकीकडे बोट दाखवलं, जणू ते खंड तिच्या पलीकडेच आहे. "आणि काटा घेऊन तिथें कोणी नाही."

मामी कॉफी ठेवून गेल्या. मी आजवर न पाहिलेल्या कशावरही विश्वास ठेवलेला नाही, आणि मामांची तबकडी शेवटी काय म्हणाली ते मी स्वतः वाचलं आहे. तरी त्या गॅलरीत बसल्या बसल्या मला मनापासून वाटत होतं, की तिकडे, कुणी मोजत नसताना, त्या खारट मातीने हवेतून एक थेंब ओढून घेतला असावा.